कोणता आकडा कुणाचं ऐकतो? पॅरामेट्रिक सॉफ्टवेअर निवडण्याआधी

निफाड-लासलगावकडे कांदाचाळ बांधणाऱ्या कुणालाही एक प्रश्न विचारून बघा. यंदा कांदा जास्त आहे, चाळ थोडी रुंद करूया का? तो लगेच नाही म्हणेल. पाखीची, म्हणजे कांदा भरायच्या एका पट्ट्याची, रुंदी चार फुटांच्या आसपास, थराची उंची पाच फुटांपर्यंत, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर. हे आकडे हलवायचे नाहीत. रुंदी वाढली की मधल्या कांद्यापर्यंत वारा पोचत नाही आणि तो सडतो. माल वाढला तर चाळ लांब करायची, नाहीतर शेजारी दुसरी पाखी घालायची. लांबी वाढली की खांब वाढतात, छपराच्या कैच्या वाढतात, पत्रे वाढतात. छपराची मधली उंची मात्र तीच राहते, कारण ती रुंदीवर ठरते आणि रुंदी तर हललीच नाही.

पॅरामेट्रिक डिझाइन म्हणजे मुळात हेच. काही आकडे आपण देतो, काही आकडे त्यांच्यावरून निघतात, आणि काहींना कुलूप असतं. चाळ बांधणाऱ्याच्या डोक्यात हा हिशेब पक्का असतो. सॉफ्टवेअर तोच हिशेब लक्षात ठेवतं आणि आपण एक आकडा बदलला की बाकीचे स्वतः बदलतं. वळणदार दर्शनी भाग, माशाच्या खवल्यांसारखे पत्रे, परदेशी विमानतळांचे फोटो, हे सगळं त्यातून होऊ शकतं. पण पॅरामेट्रिक म्हणजे वाकडंतिकडं, ही समजूत मला आजही अनेक विद्यार्थ्यांमध्ये दिसते. ती आधी बाजूला ठेवू. सरळ चौकोनी बंगलाही पॅरामेट्रिक असू शकतो, आणि नाशिकमधल्या बहुतेक ऑफिसांना त्याचाच उपयोग जास्त आहे.

मला हे पटलं ते एका जिन्यामुळे. गंगापूर रोडच्या बाजूला आमच्या एका बंगल्याचं काम चालू होतं. मजल्याची उंची आम्ही ३००० मिलिमीटर धरली होती. पायरीची उंची १५०, म्हणजे वीस पायऱ्या चढायच्या. मधे लँडिंग, दोन्ही बाजूंना दहा-दहा. प्रत्येक बाजूला पाय ठेवायच्या जागा नऊ, कारण दहावी पायरी म्हणजे लँडिंग किंवा स्लॅबच. सगळं सुटसुटीत. मग बीमची खोली वाढली आणि मजला ३१५० झाला. फक्त दीडशेचा फरक. आम्ही ऑटोकॅड या आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लॅन बदलला, दोन सेक्शन (उभे छेद) बदलले, जिन्याचा तपशील बदलला. तिसरा सेक्शन राहिला. साइटवर मिस्त्रींच्या हातात नेमका तोच कागद होता. शटरिंग लागलं, आणि वरची शेवटची पायरी बाकीच्यांच्या दुप्पट उंच निघाली. काँक्रीट पडायच्या आदल्या संध्याकाळी ते दिसलं म्हणून वाचलो.

ऑटोकॅडचा त्यात दोष नव्हता. त्या फाइलमध्ये जिना नव्हताच, होत्या त्या रेषा. प्लॅनमधल्या रेषा आणि सेक्शनमधल्या रेषा एकाच जिन्याच्या आहेत हे फक्त आम्हाला माहीत होतं. आमच्यातला एकजण विसरला की ते नातं संपलं.

आता हाच जिना नियम म्हणून लिहून बघू. मजल्याची उंची आपण द्यायची. पायऱ्यांची संख्या म्हणजे मजल्याची उंची भागिले हवी असलेली पायरी. ३१५० भागिले १५० म्हणजे २१. विषम आकडा, दोन सारख्या भागांत बसत नाही. म्हणजे नियमाला एक पुरवणी हवी: संख्या सम असली पाहिजे. मग दोन वाटा निघतात. २० पायऱ्या, प्रत्येकी १५७.५ मिलिमीटर. किंवा २२ पायऱ्या, प्रत्येकी सुमारे १४३. राष्ट्रीय बांधकाम संहिता राहत्या घराला पायरीची उंची १९० पर्यंत चालवून घेते, त्यामुळे दोन्ही नियमात बसतात. बावीस केल्या तर दोन्ही बाजूंना एकेक पायरी वाढते, जिना २५० मिलिमीटरने लांबतो आणि लँडिंगमागची भिंत सरकते. वीस ठेवल्या तर भिंत जागच्या जागी, पण घरातल्या आजींना प्रत्येक पायरीला साडेसात मिलिमीटर जास्त चढावं लागतं. कोणतं निवडायचं हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते फक्त दोन्ही पर्याय पाच सेकंदांत समोर ठेवतं, आणि आपण निवडलेला पर्याय प्लॅनमध्ये, तिन्ही सेक्शनमध्ये आणि कठड्याच्या लांबीत एकदम पोचवतं.

सॉफ्टवेअरची तुलना करताना लोक आधी किंमत विचारतात, मग 'इंडस्ट्रीत काय चालतं' ते विचारतात. मी एक वेगळा प्रश्न विचारतो: आकड्यांची ही नाती या सॉफ्टवेअरमध्ये राहतात कुठे? कारण जिथे नातं राहतं तिथेच ते दुरुस्त करावं लागतं, आणि ते तुटलं तर तिथेच जाऊन शोधावं लागतं.

पहिली जागा म्हणजे वस्तूच्या पोटात. रेव्हिट आणि आर्किकॅड ही सॉफ्टवेअर या घरातली. तिथे दार म्हणजे चार रेषा नसतात, दार असतं. त्याला आपण भिंतीत आहोत हे ठाऊक असतं. भिंत हलवली की ते सोबत येतं, भिंत काढली की तेही जातं. भिंतीला आपली वरची कड वरच्या मजल्याच्या पातळीला बांधता येते. पातळी ३००० वरून ३१५० केली की त्या पातळीला बांधलेल्या सगळ्या भिंती उंच होतात. दारांचा तक्ता, प्लॅन, सेक्शन हे सगळे एकाच मॉडेलकडे वेगवेगळ्या खिडक्यांतून बघणं असल्यामुळे एक बदलला आणि दुसरा राहिला असं होत नाही. आमचा तिसरा सेक्शन इथे राहिला नसता.

रेव्हिटमध्ये अशा वस्तूंच्या साच्याला 'फॅमिली' म्हणतात. खिडकीची एक फॅमिली बनवायची, तिला रुंदी, उंची, सिलची (खालच्या कडेची) उंची असे गुण द्यायचे, आणि मग चार फुटी, पाच फुटी, सहा फुटी खिडक्या तिच्यातूनच निघतात. ही फॅमिली नीट बनवणं हेच रेव्हिटमधलं खरं कसब आहे. बाजारातून किंवा इंटरनेटवरून उतरवलेल्या फॅमिली बहुतेक आपल्याकडच्या नसतात. आपली ग्रिल, आपला छज्जा, दाराखालचा ग्रॅनाइटचा उंबरा त्यांत सापडत नाही. ऑफिसने पहिले दोन-तीन महिने आपल्या वस्तू बनवण्यात घालवले तर पुढची वर्षं सोपी जातात. न घालवल्यास सगळे 'सध्या रेषा मारून घे' म्हणतात, आणि महागडं सॉफ्टवेअर घेऊन आपण पुन्हा रेषांवर येतो.

या सॉफ्टवेअरचा उगम कळला की त्याचा स्वभाव कळतो. पॅरामेट्रिक मॉडेलिंग इमारतींच्या आधी यंत्रांच्या कारखान्यांत रुजलं. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत 'स्केचपॅड' केलं, तेव्हाच पडद्यावरच्या रेषांना 'समांतर राहा', 'सारख्या लांबीच्या राहा' असं सांगता येत होतं. १९८८ मध्ये पीटीसी कंपनीचं 'प्रो-इंजिनिअर' आलं आणि यंत्राचा भाग म्हणजे आकड्यांची साखळी, हा विचार कारखान्यांत पसरला. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत डाय किंवा फिक्श्चर बनवणाऱ्यांना यात काहीच नवल वाटत नाही. भोक कडेपासून किती अंतरावर, हे ते कधीपासूनच नियमाने बांधतात. प्रो-इंजिनिअरवर काम केलेले लिओनिद राइझ आणि अर्विन युंगराइस यांनीच १९९७ मध्ये एक कंपनी काढली, २००० साली तिचं रेव्हिट बाजारात आलं, आणि २००२ मध्ये ती ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने विकत घेतली. म्हणून रेव्हिट यंत्राच्या शिस्तीने वागतं. प्रत्येक गोष्ट कशाला बांधली आहे ते त्याला सांगावं लागतं.

आर्किकॅड त्याहून जुनं, हंगेरीतल्या ग्राफिसॉफ्टचं, १९८० च्या दशकातलं. त्याच्या वस्तूंच्या मागे जीडीएल नावाची छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा असते. ती शिकली तर हवी ती पॅरामेट्रिक वस्तू लिहून काढता येते, पण आर्किटेक्टच्या ऑफिसात ती शिकायला सहसा कुणी बसत नाही. म्हणून २०२० च्या आवृत्तीत 'पॅराम-ओ' आलं, ज्यात कोड न लिहिता ठोकळे जोडून वस्तू बनते. भिंती-स्लॅबमध्ये रोज काम करायला मला आर्किकॅड रेव्हिटपेक्षा हलकं आणि आर्किटेक्टच्या हाताला जवळचं वाटतं. ते मॅकवरही चालतं. रेव्हिट फक्त विंडोजवर. पण आरसीसी आणि प्लंबिंग-इलेक्ट्रिकलचे सल्लागार रेव्हिटमध्ये काम करत असतील तर ही आवड मागे ठेवावी लागते. शिवाय रेव्हिटची एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि मागेही नेता येत नाही. प्रकल्प सुरू करतानाच सगळ्यांनी कोणत्या वर्षाची आवृत्ती वापरायची ते ठरवून घ्यायचं.

दुसरी जागा म्हणजे वायर. राइनो आणि त्याच्या आतलं ग्रासहॉपर इथलं. राइनो हे वक्र पृष्ठभागांचं मॉडेलिंग करणारं सॉफ्टवेअर. २००७ मध्ये डेव्हिड रटन यांनी त्याला एक जोड (प्लग-इन) बनवली, जिचं आधीचं नाव 'एक्स्प्लिसिट हिस्टरी' होतं. तीच पुढे ग्रासहॉपर झाली, आणि राइनोच्या सहाव्या आवृत्तीपासून ती त्यातच येते. ग्रासहॉपरमध्ये चित्र काढत नाहीत, कृती मांडतात. डावीकडे आकड्यांच्या सरकपट्ट्या, मधे डबे, एका डब्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या वायरी, आणि उजव्या टोकाला आकार. पट्टी सरकवली की आकार डोळ्यांसमोर बदलतो. नातं कुठे आहे ते वायरीवर बोट ठेवून दाखवता येतं. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण नव्या मुलाला विचार शिकवायचा तर विचार दिसला पाहिजे.

छज्ज्याचं उदाहरण घेऊ. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे. म्हणजे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७० अंशांवर असतो, आणि २२ डिसेंबरला सुमारे साडेशेहेचाळीस अंशांवर. जूनच्या शेवटी तो डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो, दक्षिणेच्या भिंतीवर मध्यान्ही त्याचं थेट ऊन पडतच नाही. आता दक्षिणेला पाच फूट उंच खिडकी आणि तिच्या डोक्यालगत दोन फुटी छज्जा घ्या. मार्चच्या मध्यान्ही त्याची सावली साडेपाच फूट खाली येते, खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात सावली जेमतेम दोन फूट येते, खालच्या तीन फुटांतून थंडीतलं ऊन आत येतं. जुन्या मिस्त्र्यांनी दोन फूट हा आकडा गणिताने काढला नसेल, पण आपल्या शहराला तो चपखल बसतो.

हाच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर लावला तर? दुपार कलली, सूर्य समोर आला आणि ३० अंशांपर्यंत उतरला की त्याच दोन फुटांची सावली सव्वा फुटाहूनही कमी. पश्चिमेला आडवा छज्जा पुरत नाही, उभी पाती किंवा जाळी लागते. पात्यांचा कोन किती, अंतर किती, हे दिवसागणिक आणि तासागणिक मोजायचं काम हाताने होत नाही. ग्रासहॉपरवर लेडीबग नावाची मोफत जोड आहे. तिला जागेची हवामान-फाइल दिली की ती सूर्याचा वर्षभराचा मार्ग काढते, आणि पात्याच्या प्रत्येक कोनाला भिंतीवर किती ऊन पडतं ते रंगांत दाखवते. नाशिकमध्ये राहूनही पश्चिमेच्या काचेमागे एसी लावून बसायची वेळ अलीकडे खूप इमारतींवर आली आहे. ज्यांना हे टाळायचं आहे त्यांनी ग्रासहॉपर केवळ एवढ्यासाठी शिकलं तरी ते कारणी लागेल.

आम्ही एकदा अशीच पाती काढली होती. एकूण ८४. प्रत्येकाचा कोन वेगळा, रुंदी वेगळी, पडद्यावर सुंदर दिसत होती. अंबडच्या फॅब्रिकेटरकडे लेझर कटिंगच्या फाइली घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, हे ८४ ब्रॅकेट वेगवेगळे वाकवायचे, मग साइटवर कोणता कुठे लावायचा हे माणसाला कसं कळणार? पाच प्रकार करा. तुमचं ऊन किती वाढेल ते बघा." ऑफिसात येऊन आणखी एक पट्टी जोडली: प्रकारांची संख्या. ८४ वरून ५ वर आणली. उन्हातला फरक इतका थोडा होता की रंगांच्या नकाशात तो शोधावा लागला. सगळं वेगळं करता येतं म्हणून करायचं नसतं, हे मला तिथे उमगलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक ग्रासहॉपर फाइलमध्ये ही पट्टी पहिली असते.

राइनो-ग्रासहॉपरची उणीव अगदी स्पष्ट आहे. त्याला भिंत म्हणजे भिंत हे कळत नाही. त्याच्यासाठी तो एक पृष्ठभाग. दारांचा तक्ता, विटांचं प्रमाण, मंजुरीचे कागद हे सगळं तुम्हाला स्वतः जुळवावं लागतं किंवा दुसरीकडे न्यावं लागतं. राइनोच्या सातव्या आवृत्तीसोबत 'राइनो-इनसाइड' आलं, त्यामुळे ग्रासहॉपर थेट रेव्हिटच्या आत चालतं आणि त्यातून रेव्हिटच्या खऱ्या भिंती, खरे खांब तयार होतात. आर्किकॅडलाही ग्रासहॉपर जोडता येतं. रेव्हिटचा स्वतःचा वायरवाला भाऊ म्हणजे डायनॅमो. तो रेव्हिटसोबतच येतो. मोठ्या इमारतीतल्या दोनशे दारांना एका फटक्यात नंबर देणं, एक्सेलमधले खोल्यांचे आकडे मॉडेलमध्ये ओढून घेणं, अशा कंटाळवाण्या कामांना तो उत्तम. आकार शोधायला मात्र ग्रासहॉपर कितीतरी जास्त मोकळं वाटतं, आणि शिकायला त्याचं साहित्यही जास्त मिळतं.

वायरींचा एक धोका आहे. ऑफिसातला हुशार मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला आणि त्याची तीनशे डब्यांची फाइल कुणालाच वाचता येईना, असं आमच्याकडे झालं आहे. प्रत्येक पट्टीला नाव, प्रत्येक गटाला रंग, आणि शेजारी दोन ओळींची टीप, ही सवय पहिल्या दिवसापासून लावायला हवी.

आता जी गोष्ट बहुतेक प्रशिक्षणांत सांगितलीच जात नाही, तिच्याकडे येऊ. वायरींना गोल फिरता येत नाही. क वरून ख निघालं, ख वरून ग, तर ग वरून पुन्हा क काढता येत नाही. ग्रासहॉपर तांबडं होऊन थांबतं. आणि आपलं रोजचं काम नेमकं गोल आहे. इमारतीची उंची वाढली की बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे मोकळी सोडायची जागा, वाढतं. अंतर वाढलं की मजल्याचं क्षेत्र घटतं. क्षेत्र घटलं की एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने मंजूर असलेलं बांधकाम, वापरायला मजले जास्त लागतात. मजले वाढले की उंची वाढते. आलो पुन्हा पहिल्या जागी. एक आकडा दुसऱ्याचं ऐकतो, दुसरा तिसऱ्याचं, आणि तिसरा पहिल्याचं.

यातून सुटायचं कसं? एक आकडा मोकळा करायचा आणि त्याच्या सगळ्या किमती एकामागून एक चालवून बघायच्या. समजावण्यापुरते आकडे घेऊ. हे नियम नव्हेत, नियमासाठी आपली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली उघडायची. प्लॉट २० बाय ३० मीटर. पुढे साडेचार मीटर सोडायचे. बाजूला आणि मागे उंचीच्या पाचव्या भागाइतकं, पण तीन मीटरपेक्षा कमी नाही. मजला तीन मीटरचा. पाच मजल्यांना उंची १५, अंतर ३ मीटर. मजल्याचं क्षेत्र १४ गुणिले २२.५ म्हणजे ३१५ चौरस मीटर, एकूण १५७५. सात मजल्यांना उंची २१, अंतर ४.२. मजला २४७ चौरस मीटरचा, एकूण सुमारे १७३०. दहा मजल्यांना उंची ३०, अंतर ६. मजला फक्त १५६ चौरस मीटरचा, एकूण १५६०. म्हणजे या काल्पनिक प्लॉटवर दहा मजले बांधून पाच मजल्यांपेक्षा कमी जागा मिळते! 'अजून दोन मजले चढवू' म्हणणाऱ्या मालकाला हा तक्ता दाखवला की वाद करावा लागत नाही.

हे करायला ग्रासहॉपरच हवं असं नाही, एक्सेलमध्येही होतं. फरक एवढा की ग्रासहॉपरमध्ये प्रत्येक पर्यायाचा आकार, सावली आणि शेजारच्या इमारतीशी नातंही दिसतं. त्यात 'गॅलापागोस' नावाचा डबा आहे, जो स्वतःच हजारो किमती चालवून सर्वांत चांगली शोधतो. पण तो सांगितलं तेवढंच ऐकतो. जास्तीत जास्त क्षेत्र शोध म्हटलं तर वरच्या उदाहरणात तो सात म्हणेल. पार्किंगला रॅम्प कुठून उतरणार आणि खालच्या मजल्याला उजेड किती, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तिसरी जागा म्हणजे इतिहास. कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद झाडासारखी ठेवणारी सॉफ्टवेअर: आधी चौकोन काढला, मग तो उचलला, मग त्याला भोक पाडलं. चौकोनाचं माप बदललं की पुढचे सगळे टप्पे पुन्हा चालतात. यंत्रांची सॉफ्टवेअर अशीच. विमान उद्योगातल्या कॅटिया या सॉफ्टवेअरवर आर्किटेक्ट फ्रँक गेहरी यांच्या ऑफिसाने १९९७ चं स्पेनमधल्या बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय तडीस नेलं, आणि पुढे त्याच पायावर 'डिजिटल प्रोजेक्ट' हे इमारतींसाठीचं सॉफ्टवेअर काढलं. आपल्या आवाक्यातलं म्हणजे फ्रीकॅड. पूर्ण मोफत, मुक्त. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि इमारतींच्या कामासाठीचा विभाग आता त्यातच आहे. त्याची जुनी दुखणी समजून घेण्यासारखी आहेत. फ्रीकॅड वस्तूच्या बाजूंना क्रमांक देतं. आपण 'सहाव्या बाजूवर भोक' म्हटलं, आणि मागे जाऊन आकारात एक खाच वाढवली, तर क्रमांक सरकतात आणि भोक भलत्याच बाजूवर जातं. 'लिंबापासून तिसरं घर' असा पत्ता सांगितला आणि मधे एक घर नवं बांधलं, तसं. १.० मध्ये हे बरंच सुधारलं आहे. रेलिंग, गेट, पत्र्याची शेड, सुट्टं फर्निचर यांसाठी मी ते निःसंकोच सुचवतो. संपूर्ण अपार्टमेंटचे वर्किंग ड्रॉइंग त्यावर करायला मात्र खूप चिकाटी लागेल.

मोफतच हवं असेल तर ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरवरची 'बोन्साय' ही जोडही पाहण्यासारखी आहे. ती थेट आयएफसी या खुल्या मानकात काम करते. आयएफसी म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरनी एकमेकांना इमारत पाठवायची सामाईक भाषा, आयएसओ १६७३९. इथे एक गैरसमज महागात पडतो. आयएफसीमधून भिंत पोचते, तिची जाडी पोचते, ती कशाची आहे ते पोचतं. ती कुणाचं ऐकत होती हे सहसा पोचत नाही. आर्किकॅडमधून रेव्हिटमध्ये गेलेला जिना दिसायला जिनाच असतो, पण मजल्याची उंची बदलली की तो जागचा हलत नाही. म्हणून 'आपण कशातही करू, मग बदलून देऊ' हा विचार सोडावा. नियम ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिले तिथेच राहतात.

आणि ऑटोकॅड? त्यातही २००६ पासून डायनॅमिक ब्लॉक (माप बदलता येणाऱ्या तयार आकृत्या) आणि २०१० पासून रेषांना बंधनं घालायची सोय आहे. नाशिकच्या कितीतरी ऑफिसांत हे पैसे भरून घेतलेलं आहे आणि कधी उघडलेलं नाही. नवं काही घेण्याआधी दार-खिडक्यांचे डायनॅमिक ब्लॉक करून बघा. आठवडाभराच्या कामात सवय लागते, खर्च शून्य.

मला कुणी थेट विचारलं तर मी असं सांगेन. बंगले आणि छोटी अपार्टमेंट करणारं चार-पाच जणांचं ऑफिस असेल, बदल मुख्यतः मजल्याच्या उंचीचे, दारांचे, खोल्यांचे असतील, तर रेव्हिट किंवा आर्किकॅड. कोणतं, ते तुमचे सल्लागार ठरवतील. बदल दर्शनी भागाचे, उन्हाचे, छपराचे असतील, वायनरी किंवा सभागृहासारखी कामं येत असतील, तर राइनो-ग्रासहॉपर. त्याचा परवाना एकदाच घ्यायचा असतो, दरवर्षी भाडं नाही, ही छोट्या ऑफिसाला मोठी गोष्ट आहे. ऑटोडेस्ककडे आता फक्त वर्गणी चालते. प्लॉटवर किती बसेल हेच रोज तपासत असाल, तर ग्रासहॉपर किंवा अगदी एक्सेलही पुरेल. विद्यार्थ्यांनी ग्रासहॉपरपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. रेव्हिट नोकरीत शिकता येतं. कोणता आकडा मूळ आणि कोणता त्यावरून आलेला, हा विचार मात्र वायरी जोडताना जसा पक्का होतो तसा मेनूतून जिना निवडताना होत नाही.

राइनो ९० दिवस मोफत वापरून बघता येतं, बाकीच्यांच्याही चाचणी आवृत्त्या मिळतात. चाचणीत त्यांनी दिलेला तयार नमुना उघडू नका, त्यात सगळंच नीट चालतं. आपल्याच मागच्या कामातला एक जिना, एक पश्चिमेची खिडकी आणि एक शौचालय घ्या. बांधा. मग मजला १५० ने वाढवा, खिडकी अर्धा फूट सरकवा, भिंत सहा इंचांवरून नऊ इंच करा. प्रत्येक बदलाला किती ठिकाणी हात लावावा लागला ते वहीत लिहा. आकडा एक असेल तर छान. चार असेल तर नातं कुठेतरी जोडायचं राहिलंय, ते शोधा. शेवटी एक कठीण बदल करून बघा: दोन बाजूंचा जिना काढून गोल जिना करा. इथे बहुतेक सगळी सॉफ्टवेअर हात टेकतात, कारण आता आकडा बदललेला नाही, जिन्याचा प्रकारच बदलला आहे, आणि लँडिंगचं ऐकणाऱ्या भिंतीला लँडिंगच उरलेलं नाही. असा बदल मालकाने कितव्या आठवड्यात सांगितला तर आपल्याला चालेल, तो आठवडा कामाच्या वेळापत्रकात लिहून त्यांना आधीच दाखवून ठेवा.